अस्मुसची ब्राउनी आणि फ्लोराची पाठ

अस्मुस कॅलेसनला आयुष्यात दोन गोष्टी कधी जमल्या नाहीत, असं जर्मनीच्या सीमेलगतच्या आमच्या लिलेस्को गावात म्हणतात. एक, कडीस्वारीत राजा होणं. दुसरी, कुणालाही 'नको' म्हणणं. पहिलीचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. दुसरीचं वाईट वाटायची वेळ आली ती एका मार्च महिन्यात, तबेल्यात उभं असताना, आणि तीही घोडीमुळे.

गेसा ब्रोडरसन ही आमच्या भागातली जनावरांची डॉक्टर. ती फ्लोराला लस टोचायला आली होती. लस टोचून झाली, दात बघून झाले, मग जाता जाता तिने फ्लोराच्या पाठीवरून हात फिरवला. हात खोगिराच्या जागेवर आला तशी घोडीने पाठ खाली दबवली आणि कान मागे टाकले. गेसाने पुन्हा हात फिरवला. पुन्हा तेच. तिने घोडीकडे बघितलं, भिंतीवर टांगलेल्या खोगिराकडे बघितलं आणि मग, जरा वेळ लावूनच, अस्मुसकडे बघितलं.

"हिवाळ्यात काय काय खाल्लंस?" तिने विचारलं.

"समोर आलं ते," अस्मुस म्हणाला. आणि ते अगदी खरं होतं.

गेसाने मग आडपडदा ठेवला नाही. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं वाहू नये, तेही खोगीर धरून. फ्लोरा काही उंचीपुरी घोडी नव्हे. सोनेरी अंगाची, पांढऱ्या आयाळीची, ठेंगणी डोंगरी जात, आणि वयही उताराला लागलेलं. अस्मुस एकटाच तो पाचवा हिस्सा भरून वर उरत होता, खोगीर वेगळं. जुलैपर्यंत वजन उतरवलंस तर बस तिच्यावर, नाही तर यंदा दुसऱ्या कुणाला तरी बसव, असं तिने सांगितलं.

"पण ती कधी कुरकुरली नाही गं."

"ती कशाला कुरकुरेल? ती तुझ्यावरच गेलीय," गेसा म्हणाली आणि बॅग उचलून निघून गेली.

कुंपणापलीकडे नीस इव्हर्सन काटक्या गोळा करत होता. नीस हा अस्मुसचा शेजारी आणि शाळेपासूनचा सोबती. अंगाने वाळक्या बोरूसारखा. अस्मुसच्या बरोबरीने जेवतो, पण ते जातं कुठे हे त्याच्या बायकोलाही मरेपर्यंत कळलं नाही. स्वतःचा म्हातारा घोडा त्याने गेल्या पानगळीत विकला होता. त्याने सगळं ऐकलं होतं, आणि ऐकलं नाही असं दाखवायची त्याची पद्धत नाही. काळजी करू नकोस, मी बसतो की फ्लोरावर, असं तो लगेच म्हणाला. ओल्या कोटासकट बसलो तरी तिला पाठीवर माशी बसल्यासारखं वाटेल. मनात काळंबेरं नव्हतं त्याच्या. मित्राची अडचण होती, तो मदत करत होता.

अस्मुस 'बघू' म्हणाला. 'नको' म्हणता आलं असतं तर तेव्हाच म्हणाला असता.

कारण फ्लोरा त्याच्या हातावर वाढलेली. शिंगरू होती तेव्हापासून तिच्या पाठीवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. जुलैतल्या कडीस्वारीच्या दिवशी गावातले सगळे घोडेस्वार पांढरी विजार, काळा कोट आणि खांद्यावरून पट्टा अशा थाटात बँडबाज्यामागून मिरवत मैदानावर जातात. तिथे कमानीला कडी टांगलेली असते, अंगठीपेक्षा थोडीच मोठी. भरधाव घोड्यावरून ती भाल्याच्या टोकाने उचलायची. सगळ्यांत जास्त कड्या उचलेल तो त्या वर्षीचा राजा. पंधराव्या वर्षापासून अस्मुसने एक उन्हाळा चुकवला नव्हता. आता नीस फ्लोरावर बसून मिरवतोय आणि आपण दोरीपलीकडे हातात सॉसेज धरून उभे आहोत, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं ते जाईना.

एवढं वजन आलं कुठून, तर ते रोजगारातूनच आलं. निवृत्त होईपर्यंत अस्मुस उभा जन्म डेअरीचा दुधाचा टँकर चालवत होता. पहाटे निघायचं, शेताशेतावर थांबायचं, नळी जोडून दूध ओढून घ्यायचं. आणि दूध टाकीत चढेपर्यंत घरधनीण दारात येऊन म्हणायची, कॉफी तयार आहे. आमच्याकडे कॉफी एकटी येत नाही, केक घेऊन येते. एका घरी खाल्लं आणि पुढच्या घरी नाही म्हटलं तर ती बाई मनाला लावून घेणार, आणि एकीने लावून घेतलं की अख्ख्या वाटेवर कळणार. अस्मुसने कधी कुणाचं मन मोडलं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात. अस्मुसच्या बाबतीत ती सायसाखरेची बहीण निघाली.

लग्नसुद्धा त्याने असंच केलं. आनेग्रेटे ही त्या वाटेवरच्या एका शेतकऱ्याची मुलगी. पहिल्यांदा गेला तेव्हा तिने काळ्या पावाच्या चुऱ्याचा, मध्ये साय आणि काळ्या बेदाणावजा फळांचा मुरंबा घातलेला थरांचा केक पुढे ठेवला. अस्मुसने एक तुकडा खाल्ला, तिने दुसरा वाढला, तो खाल्ला, तिसरा वाढला, तोही खाल्ला. तिच्या बापाची खात्री पटली की हा पोरगा प्रेमात पडलाय. तसं त्याने विचारलंही. अस्मुसला त्यालाही नाही म्हणवलं नाही. पुढे त्याला याचा कधी पश्चात्ताप झाला नाही, हे सांगायला हवं. त्या घरात भांडण म्हणून कधी कुणी ऐकलं नव्हतं, आणि तो केक दर दोन-तीन दिवसांनी टेबलावर येत होता.

आता वजन उतरवायचं म्हणजे केक सोडायचा. आणि केक सोडायचा म्हणजे आनेग्रेटेला सांगायचं. अस्मुस तबेल्यात घोडीचं अंग घासत पुष्कळ वेळ उभा राहिला, पण ते वाक्य काही त्याच्याकडून तयार होईना.

वाट सापडली ती सीमेपलीकडे. आमच्या गावातली माणसं बिअर आणायला जर्मनीत जातात. तिथे स्वस्त पडते. नीस आणि अस्मुस महिन्याकाठी एकदा गाडीला ट्रेलर जोडून जायचे. दुकानात खोकी रचता रचता अस्मुसला एका फळीवर बादलीएवढा काळा डबा दिसला. वर एका उघड्याबंब माणसाचं चित्र, दंडावर दंड चढलेले. प्रोटीन पावडर. आणि डब्याच्या पाठीवर, चौकोनी, काळीभोर, चकाकणारी ब्राउनी. खाली कृती. साखर नाही, लोणी नाही, पोट भरल्यासारखं राहतं, असं छापलेलं. अस्मुस तिथेच उभा राहून वाचत बसला. केक खायचा आणि वजनही उतरवायचं, कुणाला नाही म्हणायचं नाही. देवच पावला म्हणायचा.

घरी आल्यावर नीसने डबा फिरवून फिरवून वाचला आणि हसत सुटला. त्याला पावडर कशाची ते कळलं होतं. चीज करताना दूध फाटतं, त्याचं वर जे हिरवट पाणी राहतं, निवळी, ती वाळवून केलेली होती ती. आणि अस्मुसने आयुष्यभर काय केलं होतं? सकाळी दूध डेअरीत न्यायचं, आणि परतीच्या फेरीला तीच निवळी टाकीत भरून डुकरांच्या शेतावर हौदात सोडायची.

आनेग्रेटे ओट्याशी उभी होती. तिने डब्यावरच्या त्या दंडवाल्या माणसाकडे एकवार पाहिलं.

"चाळीस वर्षं डुकरांना पाजलंस," ती म्हणाली, "ते आता विकत आणलंस होय?"

ओव्हन मात्र तिने त्याला वापरू दिला. दुपारच्या वेळी, तिचं काम आटोपल्यावर. ती खिडकीशी शब्दकोडं घेऊन बसायची आणि बघायचं नाही असं ठरवून सगळं बघायची.

अस्मुसने ओट्याला आजवर फक्त टेकून उभं राहायचं काम केलं होतं. पावडर जितकी जास्त तितका गुण जास्त, असा त्याने हिशेब केला आणि लिहिल्यापेक्षा दुप्पट घातली. केक भाजताना आनेग्रेटे सळई टोचते आणि ती कोरडी निघेपर्यंत थांबते, हे त्याने पाहिलेलं होतं. तोही थांबला. बाहेर आलं ते जुन्या काळी दलदलीतून कापून चुलीत जाळायला वाळवत त्या मातीच्या विटेसारखं दिसत होतं, आणि चवीलाही फार लांब नव्हतं. कोंबड्यांना टाकलं. त्यांनी चोच मारून पाहिली आणि दुसरीकडे निघून गेल्या. दुसऱ्या वेळी पावडर कमी केली, तर सायकलच्या टायरसारखं चिवट झालं. तिसऱ्या वेळी ट्रेमधून सुटेना, ट्रे पाण्यात घालून ठेवावा लागला.

चौथ्या वेळी तो ओव्हनच्या काचेला नाक लावून, हातात सळई धरून बसला होता. शब्दकोड्यातून मान वर न करता आनेग्रेटे बोलली, जणू कोड्याशीच बोलतेय.

"कडा धरल्या की काढ. मधलं हलू दे. त्यात लोणी नाही, ते बाहेर आल्यावरही आवळत राहतं."

"कच्चं राहिलं तर?"

"कच्चं राहिलं तर चमच्याने खाशील. तू टाकून देणार आहेस थोडाच."

त्याने मधलं हलतं असतानाच काढलं. गार होईपर्यंत ते खरंच बसलं, वरून तडकलं, आतून मऊ राहिलं. मग त्याला त्याचा नादच लागला. खजूर गरम कॉफीत भिजवून वाटले तर साखरेची आठवण येत नाही हे त्याने स्वतः शोधलं. स्कीर म्हणून आमच्याकडे जो चक्क्यासारखा घट्ट प्रकार मिळतो तो घातला, ओट दळून घातले, कोको हात सैल सोडून घातला, चिमूटभर मीठ टाकलं. पंधरवड्यातच ती ब्राउनी अशी झाली की नीस विनाकारण कुंपणाजवळ घुटमळायला लागला. अस्मुस सकाळच्या कॉफीला ब्राउनी खाई, दुपारच्या कॉफीला खाई, तबेल्यात खिशात घेऊन जाई. इतक्या मनापासून त्याने आयुष्यात पथ्य पाळलं नव्हतं.

मे महिन्यात त्याने पांढरी विजार कपाटातून काढून घालून पाहिली. बटण सुटलं आणि थेट बेसिनमध्ये जाऊन पडलं.

गेसा आली तेव्हा तो चिंतेत होता. कापड धुऊन आटलं असेल, असा त्याचा अंदाज होता. गेसाने फ्लोराची पाठ चाचपली. घोडीने ती पहिल्यासारखीच दबवली. मग गेसाने ब्राउनीचा तुकडा खाल्ला, बोट चाटलं, उत्तम झालीय म्हणाली, आणि विचारलं:

"ही तू कशाऐवजी खातोस?"

"ऐवजी?"

"म्हणजे ही खातोस तेव्हा काय खात नाहीस?"

अस्मुसने विचार केला. सकाळी पाव, लोणी, चीज. मग ब्राउनी. दुपारी आनेग्रेटेचा केक, तो टाळणं शक्यच नव्हतं, आणि बरोबर ब्राउनी. रविवारी कुणाकडे तरी कॉफीचं टेबल. आमच्याकडे त्या टेबलाचे नियम आहेत. आधी लोणी लावलेला गोल पाव, मग सात मऊ प्रकार, मग सात कडक, आणि प्रत्येकाचा एक तरी घास घ्यायचा; जिचा राहील ती वर्षभर लक्षात ठेवते. जर्मन अमलात आमच्या सभागृहांना दारूचा परवाना मिळेना, तेव्हा लोक कॉफीवर जमायला लागले आणि बायकांनी जिद्दीने टेबलं भरली, असं सांगतात. तेव्हापासून प्रकार वाढत आलेत, एकही कमी झालेला कुणी पाहिला नाही. अस्मुसने तेच केलं होतं. ब्राउनी चांगली असेल तर ती टेबलावर वाढणार. तिच्यासाठी दुसरं काही उठवायचं, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

"ऐवजी असं काही नाही," तो शेवटी म्हणाला. "बरोबर."

गेसा हसली नाही. तिने फ्लोराच्या मानेवर थोपटलं आणि म्हणाली, नीसला खोगीर बसतं का ते एकदा बघून ठेव.

त्या दुपारी आनेग्रेटेने कॉफी ओतली आणि काळ्या पावाच्या केकचा तुकडा त्याच्या बशीत ठेवला, नेहमीसारखा, रुंद. अस्मुसने बशी थोडी पुढे सरकवली.

"आज नको," तो म्हणाला.

आनेग्रेटेच्या हातातली सुरी तशीच राहिली. का नको, असं तिने विचारलं. इथे दुसऱ्या कुणाला दहा गोड उत्तरं सुचली असती. पण अस्मुसला सवय नव्हती. पहिल्यांदाच सायकलवर बसलेल्या माणसासारखा तो सरळ भिंतीवर गेला.

"तुझा केक फ्लोराच्या पाठीला लागतो," तो म्हणाला.

"आणि चाळीस वर्षं खाल्लास तो कुणाच्या पाठीला लागत होता?" आनेग्रेटे म्हणाली. तिने केकवर झाकण घातलं, तो उचलला आणि तडक कुंपणापलीकडे नेऊन नीसला दिला. नीसने का म्हणून विचारलंही नाही.

त्यानंतर आठवडाभर घरात कामापुरतंच बोलणं झालं. मीठ दे, दार लाव, पाऊस येणारसं दिसतंय. अस्मुसपुढे जेवण येत होतं, कॉफी येत होती, केक येत नव्हता. केक भाजला जात होता, आणि रोज कुंपणापलीकडे जात होता. अस्मुस ब्राउनी खायचा आणि त्याला ती मातीसारखी लागायची, पहिल्या वेळेसारखी. पाठ मोकळी झाली तर घोडीची होईल, पण बायको गमावून घोडीवर मिरवायचं, हा कसला सौदा, असं त्याच्या मनात येई. नीसला खोगीर दाखवायला तो दोनदा निघाला आणि दोनदा फाटकातून परत आला.

त्या शनिवारी सभागृहात बँडबाज्यासाठी पैसे जमवायला कॉफीचं टेबल होतं. बँडला नवे गणवेश हवे होते, आणि त्यांच्याशिवाय कडीस्वारीची मिरवणूक निघत नाही. गावातल्या प्रत्येक घरातून एक प्रकार न्यायचा. आनेग्रेटेने आपला केक गाडीत मांडीवर घेतला. मागच्या सीटवर टॉवेलखाली झाकलेला एक ट्रे होता. तिला तो दिसला होता.

टेबल लावण्याचा कारभार केस्टिनाकडे असतो. ती गावातली जुनी पोस्टमास्तरीण, आणि अजूनही कुठली वस्तू कुठल्या खणात जायची ते तीच ठरवते. त्या दिवशी तिचं एक मनगट पट्टीत बांधलेलं होतं. तिने टॉवेल उचलला आणि हे मऊत ठेवायचं की कडकात, असं विचारलं. अस्मुसने खांदे उडवले. तिने मग ट्रे कडक प्रकारांच्याही पलीकडे, अगदी कडेला, साखरेच्या भांड्यांशेजारी नेऊन ठेवला. शिवाय तिला कॉफीची मोठी किटली उचलवत नव्हती. अस्मुसने ती तिच्या हातातून घेतली. मदत करायची होती हे खरं, पण त्याहून जास्त म्हणजे आपल्या ट्रेकडे लोक कसे बघतात ते बघत बसायचं त्याला धैर्य नव्हतं.

माणसं बसली, पाव फिरले, मऊ प्रकार फिरले. अस्मुस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कॉफी ओतत होता, आणि टोकाला पोचेपर्यंत पहिले कप रिकामे झालेले असत. कडक प्रकारही संपत आले. तेव्हा नीस, भरल्या पोटाने आणि भरल्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"अस्मुस, ती कडेची काळी वडी आहे ना, ते तेच ना, तू डुकरांच्या हौदात सोडायचास ते?"

टेबलभर हशा पिकला. नीसला वाईट काही म्हणायचं नव्हतं. जिभेला हाड नाही एवढंच. पण केस्टिनानेही त्यात आपलं घातलं. डुकरं बिचारी नाही कशी म्हणतील, ती म्हणाली. पुन्हा हशा. अस्मुस किटली घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. किटलीचं झाकण नीट बसलंय की नाही हे तपासण्यात तो फार गुंतला होता.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आनेग्रेटे उठली होती. ती टेबलाच्या कडेला गेली, ब्राउनीचा तुकडा उचलला आणि उभ्या उभ्याच खाल्ला. आमच्याकडे कॉफीच्या टेबलाशी उभं राहून कुणी खात नाही.

"माझ्या ओव्हनमधून जे बाहेर येतं," ती म्हणाली, "ते डुकरांना घालायचं की माणसांना, हे मी ठरवते. आणि नीस, तू आधी घे. आठवडाभर माझा केक फुकट झोडतोयस."

नीसने निमूट घेतली. खाल्ली. मग न सांगता दुसरी घेतली. आता ट्रे टेबलावर आलाच होता, तर प्रत्येकाने एक तरी घास घ्यायला हवा, नियमच आहे. ट्रे एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिला आणि परत आला तेव्हा त्यात नुसता चुरा होता. केस्टिनाने तोंड पुसलं. "ओलसर आहे," ती म्हणाली. आमच्या गावात याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

ते गाडीतून परत निघाले. चर्च गेलं, पवनचक्क्या गेल्या.

"तू आज काही खाल्लं नाहीस," आनेग्रेटे म्हणाली.

अस्मुसने खरंच खाल्लं नव्हतं. पावसुद्धा नाही. पण हात रिकामा नव्हता, किटली होती, असं तो म्हणाला. मुद्दाम केलं नाही.

"कुणी तुला आग्रह केला?"

त्याने आठवून पाहिलं. कुणीही केला नव्हता. हातात किटली असलेल्या माणसाला कुणी केक वाढत नाही. त्याला कप दाखवतात. आणि सगळ्यांचे कप भरेपर्यंत टेबलं आवरायची वेळ होते.

आनेग्रेटे खिडकीबाहेर बघत राहिली. वळण आलं, घराचं छप्पर दिसायला लागलं, तेव्हा ती म्हणाली, "केस्टिनाचं मनगट काही इतक्यात बरं होत नाही. रविवारी चर्चमध्ये पोरांचा दीक्षाविधी आहे, नंतर टेबल आहेच. किटली तूच घे. मी सांगते तिला."

गाडी उभी करायला अस्मुसला त्या दिवशी जरा वेळ लागला.

त्या वसंतात गावात जितकी टेबलं लागली, दीक्षाविधीची, लग्नाच्या पंचविशीची, एका प्रेतयात्रेनंतरचं, तितक्या ठिकाणी अस्मुस किटली घेऊन उभा होता. सगळ्यांना वाटलं, म्हातारा भारी मदतीला धावतो. घरी रोजच्या कॉफीला ब्राउनी असायची. ती आनेग्रेटे कापायची, चौकोन मोजूनमापून. तिचा केक फक्त रविवारी व्हायला लागला. माझेही गुडघे दुखतात, रोज कोण उभं राहणार, असं ती म्हणे. तिचे गुडघे धडधाकट होते. अस्मुसला ते ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं.

जुलैच्या तोंडावर गेसा आली. फ्लोराच्या पाठीवरून हात फिरवला. घोडी गवत चघळत राहिली. गेसाने ते जुनं जड खोगीर माळ्यावर टाकायला सांगितलं, एक हलकं मिळवून दिलं, आणि मग म्हणाली, "बस." अस्मुस बसला. फ्लोराने मान वळवून बघितलं, जणू वर कोण बसलंय याची तिला खात्री करून घ्यायची होती, आणि चालायला लागली. कुंपणाजवळ नीस उभा होता. मी तरी कुठे बसणार होतो, मला घोड्याचा वास सोसत नाही, असं तो म्हणाला. जन्मभर घोडा पाळलेला माणूस.

कडीस्वारीच्या दिवशी ऊन चांगलं होतं. पांढरी विजार कमरेत शिवून आवळायला आनेग्रेटेने मागितली होती, पण ती किती सैल झाली हे गावाला दिसावं, एवढा गर्व अस्मुसने आयुष्यात पहिल्यांदाच केला. तो त्याला नडला. भरधाव घोड्यावर एक हात लगामाला लागतो, एक भाल्याला, आणि त्याला त्या दिवशी तिसरा हवा होता. कमानीखाली येईपर्यंत त्याचं लक्ष कडीवर कमी आणि कमरेवर जास्त. नीस दोरीपलीकडून ओरडून सूचना देत होता आणि त्या सगळ्या विजारीविषयी होत्या. गेल्या वर्षीपेक्षा कमी कड्या मिळाल्या. राजा दुसराच झाला. फ्लोरा मात्र प्रत्येक फेरीला कान पुढे करून धावली, आणि उतरल्यावर अस्मुसने तिच्या पाठीवर हात फिरवला तर ती दबली नाही.

संध्याकाळी सभागृहात टेबल लागलं. केस्टिनाची पट्टी निघालेली होती. किटली तिने घेतली. अस्मुस रिकाम्या हाताने बसला आणि एकदम त्याच्या लक्षात आलं की आता कप कुणी दाखवणार नाही. ताटं यायला लागली. केस्टिनाने स्वतः तिची दालचिनीची गुंडाळी त्याच्यापुढे धरली.

"घे, इतके दिवस उपाशी राहून वाढलंस सगळ्यांना."

"नको," अस्मुस म्हणाला. आवाज थोडा गंजलेला होता. "छान दिसतेय. पण नको."

केस्टिना क्षणभर थांबली. मग ताट पुढच्या माणसाकडे गेलं. छप्पर पडलं नाही, कुणी मान वळवली नाही. नीसने तर त्याच्या वाटणीचीही उचलली.

समोर आनेग्रेटेने दोन्ही आणून ठेवलं होतं, त्याच्या ब्राउनीचा ट्रे आणि तिचा काळ्या पावाचा केक. ती सुरी हातात धरून काही न विचारता थांबली होती.

"आज ब्राउनीऐवजी," तो म्हणाला, "तुझा दे."

आनेग्रेटेने सुरी आधी अगदी बारीक तुकड्यावर टेकवली. मग त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या सैल कमरेकडे पाहिलं आणि सुरी अंमळ रुंद सरकवली.

अस्मुसने बशी पुढे केली.